पणजीचा मोकळा गोल

मानवशास्त्र शिकवणाऱ्याकडे किस्से साठतातच, त्याला इलाज नाही. माणसांमध्ये जाऊन बसायचं, ऐकायचं आणि वहीत लिहायचं, हाच आमचा धंदा. वहीत जे बसत नाही ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर बाहेर पडतं. बारामतीच्या कॉलेजात मी हा विषय इतकी वर्षं शिकवतेय की आता माझ्या नवऱ्यालाही अर्धे किस्से पाठ आहेत. पण अश्विनीच्या बॅचचे किस्से तो अजून पुन्हा सांगायला लावतो.

*

अश्विनी बावड्याची. अॅडमिशनला वडिलांना घेऊन आली. माणिकतात्या. डाळिंब आणि ढोबळी मिरची करणारा कष्टाळू माणूस, बोलायला तिखट.

"माणसांचं शास्त्र म्हंजी नक्की काय वो, मॅडम?"

मी सांगितलं, "माणसं कशी राहतात, काय मानतात, कुणाला आपलं म्हणतात आणि का, हे त्यांच्यात जाऊन समजून घ्यायचं."

"त्ये तर आमी रोज पारावर बसून करतुया."

"पारावर आपण दुसऱ्यांबद्दल बोलतो, तात्या. इथं त्यांचं ऐकून घ्यावं लागतं."

"मग अवघड हाय," तात्या म्हणाले आणि सही केली. उठताना लेकीला बजावलं, "बी.ए. कर. त्याच्या फुडचं काय मागायचं न्हाय."

पोरीने मान डोलावली. पहिल्या सहामाहीतच तिने मला विचारलं, की पुण्याला एम.ए.ला जायचं तर काय काय लागतं.

*

पहिलं फील्डवर्क भवानीनगरकडे, ऊसतोडीच्या टोळीत. पोरांनी प्रश्नावली छापून आणली होती. रोहन नावाच्या विद्यार्थ्याने एका बाईंना विचारलं, "आपल्या स्थलांतराची प्रमुख कारणं कोणती?"

"ऊस."

"आणि दुसरं कारण?"

"दुसरा ऊस."

तो बिचारा दोन ओळींमध्ये ऊस, ऊस लिहून मोकळा झाला. दुपारी आम्ही डबे उघडले. बाई पाचटाच्या झोपडीसमोर, म्हणजे कोपीसमोर, भाकरी थापत आमच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यात पोरी येगळ्या बसून जेवत्यात व्हय?"

बघितलं तर खरंच. एका सतरंजीवर मुलगे, दुसरीवर मुली, आणि मी मास्तरीण म्हणून तिसरीकडे दगडावर. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप तसे बसलो होतो.

"का बरं?" बाईंनी विचारलं.

दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचा होता, हे मी त्याच दिवशी वर्गाला सांगून टाकलं. दुसऱ्याच्या घरात डोकावायला जावं आणि आपलंच घर दिसावं, यासाठी तर मला हा विषय आवडतो.

*

या रोहनचाच आणखी एक. मी वर्गात घोकून घेतलं होतं, की मुलाखतीआधी परवानगी घ्यायची आणि समोरचा नको म्हणाला तर आभार मानून उठायचं. बावड्यात तो एका आजींकडे गेला. "आजी, तुमची मुलाखत घेऊ का?"

"नगं बाबा, मला काय कळतंय."

रोहन आभार मानून उठला, चप्पल घालून बाहेर. संध्याकाळी आजी मला शोधत आल्या, रागाने लाल.

"एकदा न्हाय म्हणलं तर लगीच उठला की वो! आग्रह न्हाय, काय न्हाय. मी हिकडं च्याला आधण ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी रोहन पुन्हा गेला. आजी पुन्हा "नगं" म्हणाल्या आणि लगोलग त्याला बसायला घोंगडं टाकलं. चार तास बोलत होत्या. तेव्हापासून मी वर्गात सांगते, "नको ऐकलं की उठायचंच. पण आधी आजी घोंगडं टाकतायत का ते बघा."

*

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका घराची वंशावळ काढायची होती. आमच्या शास्त्रात पुरुषाला त्रिकोण आणि बाईला गोल. अश्विनीने स्वतःचंच घर घेतलं.

तात्या रंगात आले. वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, चुलते, सगळे त्रिकोण त्यांनी न थांबता सांगितले. मग अश्विनीने विचारलं, "आत्या कुटं घेऊ?"

"त्या कशाला? त्या दिल्या की."

"दिल्या म्हंजी नव्हत्या व्हय?"

कुरकुरत आत्या आल्या. मग आजी आली. आणि मग तात्यांची पणजी. बांधावरच्या चिंचेला सगळं गाव 'पणजीची चिंच' म्हणतं, कारण ती तिनेच लावली. त्या चिंचेखाली तात्या लहानाचे मोठे झाले. पण नाव?

तात्यांना येईना. थोरल्या चुलत्याला फोन लावला, त्यांनाही येईना. भावकीत चार घरं विचारून झाली. सगळे तिला आई म्हणायचे, नाहीतर कुणाची तरी सासू.

अश्विनीने तो गोल मोकळा ठेवून तक्ता कॉलेजात लावला. तात्या एकदा बाजाराला आले तेव्हा बघायला आले. बराच वेळ त्या गोलासमोर उभे होते. "ह्ये बरं न्हाय दिसत," एवढंच म्हणाले.

*

रिझल्ट लागला. अश्विनी पहिली आली. पुण्याचा फॉर्म भरायचा होता आणि तात्यांची सही पाहिजे होती. मी फोन केला.

"मॅडम, पोरगी हुशार हाय, मी न्हाय कुटं म्हणतुया? पण कबूल केलं हुतं. बी.ए. झालं. आता बास."

मी बाकी सगळ्यांशी भांडते, पण दिलेल्या शब्दाशी कसं भांडणार? अश्विनी माझ्यासमोर बसून होती. तिला फोनवरचं सगळं ऐकू आलं. ती रडली नाही, पण मला वाईट वाटलं, अगदी आतून.

फॉर्मची मुदत संपायच्या दिवशी सकाळी अश्विनी माझ्याकडेच बसली होती, तोच तात्या मोटरसायकलवरून कॉलेजात हजर. कपडे धुळीने भरलेले.

"पणजीचं माहेर नरसिंगपुराकडं, एवढं ठावं हुतं. गेलतो. तीन वस्त्या फिरलो. एका घरात नव्वदीची म्हातारी हाय. तिला म्हणलं, तुमची एक लेक बावड्याला दिलती, लई वर्षं झाली. तर म्हातारी फटदिशी म्हणली, आमची गजरा."

तात्यांनी बाहीवरची धूळ झटकली.

"मॅडम, सासरी बाईचं नाव टिकत न्हाय, माहेरी टिकतं. आमी चुकीच्या गावात विचारत हुतो."

वीस वर्षं शिकवून मला असं एक वाक्य सुचलेलं नाही. तात्यांनी खिशातून पेन काढलं, तक्त्याजवळ गेले आणि गोलात स्वतःच्या हाताने लिहिलं, गजरा. मागे सरकून बघितलं. मग पुन्हा जवळ गेले. नावाच्या वरच्या मोकळ्या कागदावर पेन टेकवलं आणि सावकाश एक नवा गोल काढला.

"ही गजराची आई," म्हणाले. "हिचं नाव त्या म्हातारीलाबी न्हाय आलं."

मग लेकीकडे वळले.

"ह्यो गोल काय बी.ए.त भरायचा न्हाय. कुटंय तुजा फॉर्म?"