धम्मदीपाचं शपथपत्र

धम्मदीपा वाहुळेवर माझा राग आहे, हे आधीच सांगतो. तिच्या एका कागदामुळे माझी नोकरी परत मिळायची राहिली. तरी तिच्याबद्दल लिहायला बसलोय, कारण जर्मनीत, डार्मश्टाटच्या आमच्या मराठी मंडळींत तिच्याविषयी जे बोललं जातं, ते ऐकून डोक्यात तिडीक जाते. रागवायचा हक्क असलाच तर माझा आहे, या लोकांचा काय संबंध?

ती मूळची औरंगाबादची. तिथं एलएलबी झाली, तीन वर्षं कोर्टात उभी राहिली. नवरा राजानंद इथल्या औषध कंपनीत संशोधक म्हणून आला, मागोमाग ही आली. तिकडची सनद इथं चालत नाही. दुसरी कुणी रडत बसली असती. हिनं चौतिसाव्या वर्षी वकिलाच्या ऑफिसातली कारकून व्हायचा कोर्स धरला, अठरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून पुरा केला, आणि ओटरबाख नावाच्या वकिलाकडे लागली. बेकरीच्या वरचं छोटंसं ऑफिस, बहुतेक नोकरीचे खटले.

मुदतींची वही तिच्या ताब्यात असायची. इथं कोर्टाची मुदत एक दिवस चुकली तरी माणूस गेलाच. नवीन अशील आला की ती त्याला समोर बसवायची, कॉफी द्यायची आणि एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारायची. घरमालकाशी माझं भांडण झालं तेव्हा मी तिच्याकडेच गेलो होतो. वैतागून म्हणालो, "अगं, सांगितलं ना एकदा!"

"पद्माकरदादा, तुम्ही मराठीत विचार करता नि जर्मनमध्ये बोलता," ती म्हणाली. "मला तिन्ही उत्तरं लागतात."

ओटरबाख सत्तरीला आला. ऑफिस पुढं चालवायला कुणी मिळेना. तेव्हा फ्रँकफर्टचा एक गुंतवणूक फंड दारात येऊन उभा राहिला. इथल्या कायद्यानं बाहेरच्या पैसेवाल्याला वकिली ऑफिस विकत घेता येत नाही. मग काय केलं बेट्यांनी? एक सर्व्हिस कंपनी काढली. टेबलं, कॉम्प्युटर, फोन, कारकून, सगळं त्या कंपनीचं. वकील तेवढा कागदोपत्री स्वतंत्र. अशी पंधरा छोटी ऑफिसं त्यांनी गोळा केली. अशिलांचे फोन एका सेंटरला जायला लागले, एका माणसाला आठ मिनिटं. मुदती तिथंच कॉम्प्युटरवर चढायच्या. धम्मदीपाला कागद स्कॅन करायला बसवलं. नवीन मुदती कुणीच तपासत नाही, असं तिनं ओटरबाखला दोनदा लेखी कळवलं. सिस्टीम बघेल, असं तो म्हणाला.

त्यातच मला कंपनीनं काढलं. चौदा वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत, वय चोपन्न! अशा वयात दुसरी नोकरी कोण देतो? काढल्याचं पत्र कुरिअरवाल्यानं शुक्रवारी आमच्या पेटीत टाकलं. मी आणि माझी बायको संध्या तेव्हा ब्राउनश्वाइगला अन्वीकडे होतो, म्हणजे मुलीकडे. परतलो बुधवारी. पत्र शुक्रवारीच आलं होतं, हे खालच्या बाईंनी सांगितलं. ते पेटीत पडल्यापासून तीन आठवड्यांत दावा लावायचा असतो, आणि माझी बाजू भक्कम होती.

मी ओटरबाखच्या ऑफिसला फोन केला, तो सेंटरला लागला. पलीकडच्या बाईंनी जर्मनमध्ये विचारलं, "म्हणजे शुक्रवारी पत्र पेटीत नव्हतं?"

मी म्हणालो, "नाइन, नाइन." आपण नाही का म्हणत, "नाही नाही, होतं की!" तसं. पुढचं बोलणार तोच बाईंनी "गेनाऊ", म्हणजे बरोबर, म्हणून पुढचा प्रश्न टाकला. अशा ठिकाणी जर्मन माणूस "डोख" म्हणतो, म्हणजे "होतं की!" चौदा वर्षं झाली, तो शब्द वेळेला माझ्या तोंडात येत नाही म्हणजे येत नाही. माझ्या "नाइन"चा अर्थ त्यांनी सरळ घेतला, पत्र शुक्रवारी नव्हतं. कॉम्प्युटरवर बुधवार चढला. दावा लागला तो चार दिवस उशिरा.

एकच वाट उरली होती. नीट शिकलेल्या कारकुनाच्या हातून एखाद्या वेळी नजरचूक झाली असेल, तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण कामाची पद्धतच ढिसाळ असेल, तर ती वकिलाची चूक धरतात, आणि वकिलाची ती अशिलाची. म्हणून ओटरबाखनं शपथपत्र तयार केलं: ही नोंद श्रीमती वाहुळे यांनी तपासली, त्यांच्या नजरेतून निसटली. फक्त तिची सही हवी होती. तिनं ती नोंद पाहिलीसुद्धा नव्हती.

ती सही करेना, म्हणून मी तिच्या घरी गेलो. लाज सोडून गेलो.

"अगं, एक सही! तुझं काय जातंय?"

"खोटी शपथ आहे, दादा."

"मग माझ्या नोकरीचं काय? संध्याला काय सांगू मी?"

डोळे भरले होते तिचे. मग म्हणाली, "चूक माझी म्हटली की ते सेंटर सुटलं. पंधरा ऑफिसांचे लोक तिथं फोन करतायत. त्यांच्यातला कुणी माझ्या ओळखीचा नाही, म्हणून त्याला बुडू देऊ? तुम्ही मला काहीही बोला. मी खरं तेच लिहिणार."

मी नको ते बोललो. राजानंद मध्ये पडला, तेव्हा उठून निघून आलो.

तिनं लिहिलं. स्वतःची दोन्ही जुनी पत्रं जोडून लिहिलं. कोर्टानं माझा दावा फेटाळला. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. तिथं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. त्या सेंटरमध्ये आता प्रत्येक मुदत दुसरा माणूस तपासतो म्हणे. आणि आमची मंडळी म्हणतात, आपल्याच माणसाला बुडवलं हिनं, तत्त्वं घेऊन काय चाटायचीत?

ओटरबाखनं वकिली चुकांसाठी काढलेल्या विम्यातून भरपाई मिळेल कदाचित. नोकरी गेली ती गेली. मी अजून घरी आहे. खरं सांगू? सकाळी सगळे ट्रॅमकडे पळताना दिसले की आजही वाटतं, करायची होती तिनं ती सही.

गेल्या आठवड्यात मी आणि संध्यानं मृत्युपत्र लिहायला घेतलं. आमच्या मागं इथलं नि पुण्याचं सगळं ठरल्याप्रमाणे होतंय ना, हे बघायला एक माणूस नेमावा लागतो. संध्या म्हणाली, "अहो, कुणाचं नाव घालायचं? तुमच्या भावाचं?"

मी धम्मदीपाचं नाव सांगितलं. संध्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं.

आता तिला विचारायला हवं. पाच महिने आम्ही बोललेलो नाही.