पुसून पडलेले चरे

सकाळी आठच्या सुमारास समोरच्या गच्चीवरून ऊन तिरपं उतरतं आणि आमच्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर एक जाळं उजळतं. केसाहून बारीक, वर्तुळात वर्तुळ, आणि मधोमध अडकलेला सूर्य! सावलीत ते मुळीच दिसत नाही. किती गोष्टी अशा असतात, नाही का? उजेड तिरपा पडला तरच कळणाऱ्या.

गाडी बाबांची. पवईच्या एका साहेबांकडे ड्रायव्हर म्हणून त्यांनी वीस वर्षं गाडी चालवली आणि मग ही जुनी, पण स्वतःची, घेतली. पुढे गुडघे क्लच दाबू देईनात, तेव्हा आई-बाबा गावी गेले. मुलुंडच्या खोलीत मी आणि माझं कॉलेज उरलो. फोनवर माझ्या परीक्षेबद्दल काय विचारावं हे त्यांना उमगत नाही. आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलंच नाही. मग ते विचारतात, "गाडी पुसतंस मां रोज?" मी पुसते. त्यांच्यासारखीच, आईच्या जुन्या साडीच्या फडक्याने. दिवसभरात मी कुणाशी बोलते तर या फोनवर, एवढंच.

बाबा येणार असं कळलं तेव्हा ते जाळं मला माझाच अपराध वाटलं. भांडुपला गाड्या चमकवणारे एक काका आहेत, त्यांना गाडी दाखवली. त्यांनी चऱ्यांवरून नख फिरवलं. "नख अडकत नाही, म्हणजे वरवरचे आहेत. हे कुणी ओरबाडलेलं नाही ताई. कोरड्या फडक्याने पुसून पुसून झालंय. धूळ म्हणजे बारीक वाळूच ना! बरीच वर्षं पुसलीय कुणीतरी, मनापासून." संध्याकाळपर्यंत मशीनने सगळं काढून देतो, म्हणाले.

मी नको म्हटलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बाबांच्या हाताच्या खुणा परक्या हाताने एका दुपारात नाहीशा कराव्यात, हे मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर, आपण शिकलोय, आपल्याला जमेल, असा एक कोवळा अहंकारही होता. व्हिडिओ पाहिले, पॉलिश आणलं, रविवारी गाडी धुऊन बसले. हात दुखेपर्यंत घासलं तेव्हा वीतभर जागेत आकाश स्वच्छ उतरलं. केवढा आनंद! पण तो दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. त्या आनंदाच्या भरात बॉनेटच्या कडेवर जोर पडला आणि बोटाएवढा पांढुरका डाग उमटला. काकांना फोन केला. "कडेला दाबायचं नसतं ताई, तिथे रंगाचा थर पातळ असतो. आता पॉलिशने भागणार नाही, रंगच द्यावा लागेल."

थर कडेवरच पातळ असतो! कॉलेजात मी गावाकडची, गावात मी कॉलेजातली. मलाही कुणी जरा दाबून पुसलं, की आतलं काहीतरी उघडं पडतंच की.

बाबा आले. दुसऱ्या सकाळी मी खाली उतरले तर फडकं घेऊन ते गाडीपाशी. डाग त्यांनी लगेच हेरला. "ह्या काय केलंस गो?" मी कबूल केलं. ते हसले. "होता गो तसा कधीकधी. शिकताना माझ्याकडून काय कमी झाला?" एवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्यांचा हात कोरडा फिरू लागला, माझ्या त्या स्वच्छ तुकड्याकडे सरकू लागला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तसं पुसू नका. त्यानेच चरे पडलेत. सगळे."

हात थांबला. ते वाकून बॉनेटकडे बघत राहिले, उन्हातल्या त्या असंख्य वर्तुळांकडे. खरं बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी पुण्यच असतं का? मी घाईघाईने सांगत सुटले: आधी पाणी मारायचं, मग मऊ कापड, आठवड्यातून एकदा पुरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फडक्याची चौकोनी घडी केली.

"मगे मी सकाळी काय करू गो?"

मी बादली भरायला नळाकडे गेले. वळून पाहिलं, तर बाबा गाडीपासून दोन हात लांब उभे होते. हात पाठीमागे बांधून, साहेबांच्या गाडीपाशी उभे राहायचे तसे.