उलट्या पिळाची तार

पत्रा खडखडला की लॉकडाऊनमधलं ते प्रकरण अजून माझ्यापुढे उभं राहतं. माझं बालपणही पत्र्याच्याच खोलीत गेलं. आई मार्केट यार्डात कांदा निवडायची, वडील हमाली करायचे. उन्हाळ्यात खोलीत बसवत नसे, म्हणून मी यार्डातल्या गाळ्यांच्या सावलीत बसून अभ्यास केला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

निवृत्ती जवळ आली होती. माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एक वस्ती होती आणि तिला लागून एक सोसायटी. वस्तीत रुग्ण सापडले आणि ती सील झाली. दोन्हींच्या मधल्या बोळाला आम्ही सोसायटीच्या बाजूने पत्रे लावले, तारेने आवळले. वस्तीतली एक बाई फटीतून म्हणाली, "साहेब, आम्हाला पत्रे नवे नाहीत. इतके कोरे मात्र पहिल्यांदाच मिळाले."

चारच दिवसांत सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "अहो साहेब, लॉकडाऊन आपण फक्त टीव्हीवर ठेवलाय का? पहाटे मी प्राणायामाला गॅलरीत येतो, तेव्हा एक मुलगी पत्रा सरकवून वस्तीत परत शिरते. गुन्हा दाखल करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

मी वस्तीत जाऊन विचारलं, पत्रा कोण उघडतं?

"वारा उघडतो, साहेब," एक म्हातारा म्हणाला.

"आणि जाताना परत बांधूनही जातो?"

"शिकलेला वारा असंल."

दुसऱ्या पहाटे वस्तीच्या बाजूने पाळत ठेवली आणि आमच्या महिला हवालदारांनी त्या मुलीला परत येतानाच अडवलं. ठाण्याबाहेरच्या मंडपात अंतर ठेवून तिला खुर्ची दिली. नर्सिंग शिकलेली, वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तीही आमच्याच ठाण्यातून व्हायची. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी हातची गेली असती.

"कुठे जातेस?"

"जाते, एवढं लिहा सर. कुठे ते विचारू नका."

"नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय. पण मी सांगितलं तर एका माणसाचे हाल होतील."

चोर स्वतःला वाचवायला गप्प बसतो. ही दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होती. अशा गप्प बसण्याला मी नोकरीभर मान देत आलो. कागद तसाच ठेवला आणि पुन्हा बोळात गेलो. तार नीट पाहिली. बाकी सगळ्या गाठी आमच्या माणसांनी आवळलेल्या होत्या, एकीचा पीळ मात्र उलटा होता. ही गाठ सोसायटीच्या बाजूला होती, वस्तीतून तिथे हातच पोचत नव्हता. म्हणजे दार आतून उघडत नव्हतं, बाहेरून उघडलं जात होतं. तेही डाव्या हाताने.

तसाच अध्यक्षांकडे गेलो. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, कप डाव्या हातात.

"घरात आणखी कोण असतं?" मी विचारलं.

"आई. अंथरुणाला खिळलेली आहे. खाली तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असते. तिचं सगळं हीच करते," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

"एका हाताने कूस बदलतात त्यांची?"

ताईंनी कप टेबलावर ठेवला. "तार मीच सोडते. गुन्हा लिहायचा तर माझ्यावर लिहा. आईंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. ती मुलगी रोज येऊन त्यांना पुसते, औषध लावते, कूस बदलते."

"मला का नाही सांगितलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही आधी साहेबांना फोन केला असतात."

मग अध्यक्ष म्हणाले, "नियम कडक हवेत, असं मीच म्हणत होतो."

"कडकच आहेत. तिला रीतसर पास मिळेल आणि सील उठेपर्यंत ती आईंजवळच राहील. चाचणी तिची होईल, तुम्हा तिघांचीही होईल."

"माझी कशाला? मी तर खाली गेलोच नाही."

"नियम."

सगळ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. त्यानंतर अध्यक्षांचा एकच फोन आला.

"त्या मुलीवर गुन्हा दाखल केलात का?"

"नाही."

"करू नका. आईच्या जखमा भरताहेत."

त्या काळात मला बंद नको म्हणणारे थोडे भेटले, बंद कडक करा म्हणणारे फार. बहुतेकांच्या मनातला कडक बंद शेजाऱ्याच्या दारापुढे असायचा. त्यांना मी दोष देत नाही, भीती सगळ्यांनाच होती. पण भीतीपोटी आलेली तक्रार नोंदवण्याआधी पोलिसाने उठून जागेवर जावं आणि तार कोणत्या बाजूने सुटते ते पाहावं, हे मी या प्रकरणात शिकलो.

सील उठलं तेव्हा ते पत्रे मी उभा राहून काढून घेतले. त्या बोळातल्या एकाही माणसावर गुन्हा नोंदला गेला नाही. त्या मुलीच्या पडताळणीवर 'काही प्रतिकूल नाही' असा शेरा मारून मी सही केली. आज ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. वस्तीतली पहिली सरकारी नोकरी तिची.