पंचिंग मास्टरांचा कॉम्प्युटर फाइलीत घालताना

मला नोकरी लागली ती इंग्लिश मीडियममुळे. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या शेठनी माझा डिप्लोमा उघडूनही बघितला नाही. "इंग्लिश येतं ना? फिर कॉम्प्युटर तो आएगा ही," म्हणाले. मी मान हलवली. इंग्लिश मला येत होतं. बोलता मात्र कुठल्याच भाषेत येत नव्हतं. मान हलवण्याच्या भांडवलावर मी तिथे दोन वर्षं काढली.

आमच्याकडे जीन्सच्या खिशांवर एम्ब्रॉयडरी होते. वाघ, गरुड, गुलाब, कवटी. चित्र मशीनवर जाण्याआधी कॉम्प्युटरवर एकेक टाका बसवावा लागतो, त्याला पंचिंग म्हणतात. ते करणारे मास्टर काका बदलापूरजवळच्या गावातून येत. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. त्यांना एकच प्रोग्रॅम यायचा, आणि तो प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरवर चालायचा.

त्या कॉम्प्युटरचा मान मोठा होता. ऑफिसातला एकमेव एसी त्याच्या डोक्यावर. कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक, दसऱ्याला झेंडूचा हार. आमच्या घरी पूजा नसते, त्यामुळे मी या सोहळ्याला जरा लांबून बघायची. पण एसीत बसणाऱ्याला सगळे हात जोडतात हे कुठल्याही धर्मात पटण्यासारखं आहे. रोज सकाळी काका उदबत्ती लावत आणि मग आमच्याकडे पाठ करून पाच मिनिटं त्याच्याशी काहीतरी करत. प्रार्थना असेल, म्हणून मी कधी बघितलं नाही.

मग त्याची डिस्क टकटक वाजायला लागली.

शेठनी निकाल जाहीर केला. "शनिवारपर्यंत बघा. नाही तर डब्बा भंगारात. नवीन सॉफ्टवेअर घेऊ, त्याबरोबर नवीन मास्टरपण येईल."

हे ते काकांसमोरच बोलले. काका वाघाच्या शेपटीचे टाके बसवत राहिले.

मी शेठना चिठ्ठी लिहिली. बोलण्यापेक्षा ते सोपं. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढता येते, तिला इमेज म्हणतात. तिचं रूपांतर करून नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर चालवता येतो, स्क्रीनवरच्या एका खिडकीत.

"म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर?" शेठ म्हणाले. "दोघांना मिळून लाइट बिल एकच ना? मग कर."

काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, त्याला दुखणार नाय ना गो?"

"नाही काका."

"मला बी?"

मी मान हलवली.

इमेज निघायला अख्खा बुधवार गेला. फाइली बघताना लक्षात आलं की शेकडो डिझाइन्सवर तारीख एकच: पंधरा वर्षांपूर्वीचा एक मार्च. आतल्या घड्याळाचा सेल गेला असेल, म्हणून मी सोडून दिलं. शिकलेल्या माणसाकडे प्रत्येक विचित्र गोष्टीचं कारण तयार असतं.

गुरुवारी जुना कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. हाराची सुतळी अजून त्याला लटकत होती. आता जे काही होतं ते माझ्या इमेजमध्ये होतं.

शुक्रवारी रूपांतर झालं. पहिल्यांदा निळी स्क्रीन आली. डिस्कच्या जोडणीचा प्रकार जुना निवडला, आणि खिडकीत तो जुना डेस्कटॉप उगवला, मधोमध शेठच्या बंगल्याचा फोटो. मी पंचिंगचा प्रोग्रॅम उघडला.

'मुदत संपली आहे,' या अर्थाचं एक इंग्लिश वाक्य आलं. त्याचा अर्थ सांगण्यासाठीच मला ठेवलं होतं, पण मला तो सांगवेना.

काका मागे उभे होते. "तारीख मागं नेलीस का?"

"कुठली तारीख?"

"अगं, सकाळची! उदबत्ती झाल्यावर. एक मार्चवर आणायची, मंग तो उघडतो. कंपनी कवाच बंद झाली, मुदत कोण वाढवून देणार? शिकवणाऱ्यानं मला असंच शिकवलेलं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कोनी विचारलं?"

पंधरा वर्षं आमच्या ऑफिसात रोज एक मार्च उजाडत होता, आणि मी त्याला प्रार्थना समजत होते. नव्या कॉम्प्युटरनं सुरू होताच आजची खरी तारीख आत पोचवली होती. या यंत्रांना खरं बोलायची घाई फार. मी ती देवाणघेवाण बंद केली, आणि आजची तारीख एकदा बघितलेला प्रोग्रॅम मागची मानणार नाही म्हणून मूळ इमेजवरून रूपांतर पुन्हा केलं. काकांनी तारीख मागे नेली. वाघ उघडला, शेपटीसकट.

शनिवारी शेठ खुर्ची ओढून बसले. खिडकी लहान केली, मोठी केली, हसले. मग डोळे बारीक झाले. "ही फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल?"

मी मान हलवली.

"मग मास्टरच कशाला पाहिजे? तू शिक, चार दिवसांत होईल. सगळं इंग्लिशमध्ये नीट लिहून ठेव."

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर भिंत होती.

सेटिंगच्या फाइलीत एक ओळ वाढवली असती, तर हा आतला कॉम्प्युटर दर वेळी आपोआप एक मार्चलाच जागा झाला असता. ती ओळ मला पाठ होती.

"नाही सर," मी म्हणाले. दोन वर्षांत शेठना मी दिलेला पहिला नकार. "रोज सकाळी काकांनाच तो सुरू करावा लागेल. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"तुलापण नाही?"

"मलापण नाही."

इंग्लिश मीडियमची मुलगी 'जमत नाही' म्हणते, म्हणजे गोष्ट खरंच अवघड असणार, असं शेठना वाटलं असावं. "ठीक आहे मास्टर, चालू द्या," म्हणत ते उठले.

मी सूचना लिहिल्या. दोन पानं, स्पेलिंगची एकही चूक नाही. उदबत्तीनंतरची एक पायरी तेवढी लिहिली नाही.