तिसऱ्या यंत्राच्या बरण्या

बरण्यांच्या कारखान्यात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. सोळा वर्षं ती पांढऱ्या दिव्यासमोर बसून काचेतले बुडबुडे हुडकत होती. मोहरीएवढा बुडबुडाही तिला चुकवून पुढे जात नसे. घरीही तेच. कुणी दोनदा खोकलं तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची.

एका आठवड्यात शंभरातल्या वीस बरण्या बुडबुड्यांच्या निघू लागल्या. तिचा संशय थेट भट्टीवर गेला. काच पुरती तापली नाही की हवा आतच अडकते. आणि भट्टी सांभाळायचा तिचा धाकटा दीर. शिवाय हल्ली तो तिला टाळायचा. ती जेवायला बसली की ताट घेऊन बाहेर जायचा.

‘‘भावजी, आच कमी ठेवता का हो?’’ तिनं विचारलंच.

‘‘वहिनी, तुम्ही बरण्या बघा. भट्टी मी बघतो.’’

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणत तिनं साहेबांच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी दिराला भट्टीवरून उचलून खोकी बांधायला बसवलं. जावेनं तिच्याशी अबोला धरला.

बुडबुडे मात्र थांबेनात. बाद बरण्या उलट्या करून तिनं बुडावरचे यंत्राचे आकडे पाहिले. भट्टीतली काच तीन यंत्रांकडे जाई, आणि हा सगळा माल तिसऱ्या यंत्राचा होता. आच कमी असती तर तिन्हीकडे बुडबुडे आले असते! फिटरनं त्या यंत्राकडे काच सोडणारी नळी तपासली. तिला तडा गेला होता आणि तिथूनच हवा आत शिरत होती.

तिनं साहेबांसमोर चूक कबूल केली आणि तडक खोक्यांच्या खोलीत गेली. दीर चिकटपट्टीचं टोक शोधत होता, अगदी नाकाला लावून.

‘‘डोळ्यांना काय झालंय?’’

तो ओशाळला. ‘‘भट्टीकडे बघून बघून मोतीबिंदू झालाय. तुमच्या लक्षात आलं असतं, मग भट्टी सुटली असती. म्हणून समोर येत नव्हतो.’’

‘‘आणि मी तुम्हाला चोर ठरवलं,’’ ती खाली बसली. ‘‘उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते.’’

शस्त्रक्रिया चांगली झाली. दोन महिन्यांनी तो काळा चष्मा लावून भट्टीवर परतला. जाऊही बोलू लागली, पण कामापुरतंच. तेवढं तिनं मुकाट्यानं सोसलं.