फॉरवर्ड केलंय

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणाला क्वार्टर बदलून हवं असलं की अर्ज माझ्या टेबलावर येई. मी शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि वरच्या साहेबांकडे पाठवायचा. याला आम्ही फॉरवर्ड करणं म्हणायचो. ‘पुढे पाठवलाय’ म्हटलं तर माणूस लगेच विचारी, पुढे म्हणजे कुठे, कुणाकडे? फॉरवर्ड म्हटल्यावर कुणी काही विचारत नसे. मान हलवून घरी जात. आता घरातली मुलं मोबाइलवर दिवसभर फॉरवर्ड करतात आणि पाठवलेलं स्वतः वाचतही नाहीत. मला त्यांना बोलायला तोंडच नाही.

एक टेक्निशियन होते, अमरावतीकडचे. तिसऱ्या मजल्यावर राहत. आईचं एक अंग लुळं पडलेलं. दवाखान्यात न्यायचं तर ते आणि शेजारी तिला खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणत. तळमजल्याचं क्वार्टर मिळावं म्हणून त्यांनी अर्ज दिला. दर शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की माझ्या खिडकीशी येत, आणि मी मान वर न करता सांगे, फॉरवर्ड केलंय.

केलेला नव्हता. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दुपारी पाठवून टाकू असं खरंच मनात होतं. पण नवरा मंडीदीपच्या नोकरीवरून उशिरा यायचा, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी ऑफिसात यायची तीच दमून. हे सगळं खरं, पण एक शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो? अर्ज ट्रेच्या तळाशी गेला. पुढे तो बाहेर काढायचीच भीती वाटू लागली, कारण त्यावरची तारीख साहेबांना दिसली असती.

त्या उन्हाळ्यात तळमजल्याची दोन क्वार्टरं रिकामी झाली आणि दुसऱ्यांना मिळाली. यादी बोर्डावर लागली तशी ते आले. मी सबबी जुळवून बसले होते. त्यांची गरजच पडली नाही.

“तुमी त फॉरवर्ड केलं होतं न, मॅडम,” ते म्हणाले. “वरच्यायनंच गडबड केली. तुमाले काय बोलाव?”

मी म्हटलं, “हो ना. साहेब लोकांचं असंच असतं.”