अक्काच्या शेजारची उशी

महादेवीअक्का गेल्याची बातमी मला कुणी फोनवरून कळवली नाही. ती गेली तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते, हातात स्टॉपवॉच घेऊन, आणि वेळ चांगली येतेय म्हणून मनातल्या मनात खूश होते. त्याला आता दीड महिना होत आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा सेवाभाव, हसतमुख, मायाळू असले शब्द मी कागदावर मांडूनही पाहिले… पण अक्का हसतमुख नव्हती. ती चुका काढणारी बाई होती, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीसकट मी अजून नोकरीत आहे.

ती मूळची दुधनीची. सोलापुरातल्या आमच्या रुग्णालयात आम्ही दोघी एकाच आठवड्यात परिचारिका म्हणून लागलो. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणू लागले, आणि पुढं डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती अक्काच झाली. रागवायची मराठीत, मोजायची मात्र कानडीत. सलाइनचे थेंब असोत, नाडीचे ठोके असोत, ओंदु, एरडु, मूरु असं ओठांतल्या ओठांत चाललेलं असायचं. मला रात्रपाळ्या झेपेनाशा झाल्या तेव्हा मी गुणवत्ता व्यवस्थापनाचा कोर्स केला आणि वॉर्डातून केबिनमध्ये आले. "तू आता कागदाची नर्स झालीस की गं," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. मीही हसले होते.

रुग्णालयाला गुणवत्तेचं मानांकन मिळालं नाही तर सरकारी योजनेचे पेशंट बंद होतील, असं व्यवस्थापनानं बजावलं होतं. मग मी सगळ्यांना घोकंपट्टीला बसवलं. हात कसे धुवायचे, आग लागली तर कुठल्या दारानं पळायचं, कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत टाकायचा. सर्वांत अवघड होतं ते कोड ब्लूचं ड्रिल. कुणाचं हृदय बंद पडलं की भोंग्यावरून 'कोड ब्लू' पुकारायचं आणि तीन मिनिटांच्या आत पथकानं ट्रॉली घेऊन तिथं पोचून छाती दाबायला लागायचं. सरावासाठी कुणीतरी कोसळायला हवं. तरुण मुली पडल्या पडल्या खुदुखुदु हसायच्या. अक्का मात्र फरशीवर डोळे मिटून पडायची ती पडायचीच, फक्त उजव्या हाताचं एक बोट फरशीवर ठोके मोजत राहायचं. सगळं आटपलं की उठून पदर नीट करत निकाल द्यायची, "चार मिन्टं लागली. मी मेले की." आणि मग एकेकाची हजेरी घ्यायची.

जिवंत माणसाची छाती दाबता येत नाही, म्हणून पेशंटशेजारी एक उशी ठेवायची आणि ती दाबायची, ही युक्ती माझी. नाडी तपासण्यात दहा सेकंद जातात, म्हणून पथकातल्या मुलीनं नुसतं मोठ्यानं 'नाडी लागत नाही' म्हणायचं, हेही माझंच. अक्काला ते मुळीच पटलं नव्हतं. "सगळे उशीकडं बघायलेत, मानसाकडं कोन बघनार?" असं तिनं मला दोनदा विचारलं. अक्काला कागदपत्रांतलं कळत नाही, असं मी मेट्रनना सांगून टाकलं.

मानांकनाच्या तपासणीच्या दिवशी सकाळी ती केबिनमध्ये आली आणि न सांगता खुर्चीत बसली. एरवी ती कधी बसत नसे. चेहऱ्यावर घाम होता. "जबडा ठणकायलाय सकाळपासनं, डावा हात बी जड झालाय. ईसीजी काढून घिऊ का?" मी वीस वर्षं परिचारिकेचंच काम केलं आहे. जबडा आणि डावा हात म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण तपासणीस बाहेर फिरत होते, तिच्या जागी पडायला दुसरं कुणी तयार केलेलं नव्हतं. अकराचं ड्रिल झालं की लगेच काढू, असं मी म्हटलं. तिनं पदरानं घाम पुसला. "बरं. तुझं काम हुंदे," म्हणाली आणि गेली.

ठरल्या जागेच्या जरा अलीकडंच, लिफ्टपाशी, ती पडली. मला वाटलं, बरं झालं, तपासणिसांना नीट दिसेल. कोड ब्लू पुकारला गेला, पथक धावत आलं. तिचं बोट फरशीवर हलत होतं… मग थांबलं. ते थांबलेलं मी पाहिलं. आज साहेब आहेत म्हणून अक्का मन लावून करतेय, असं मला वाटलं. पथकातल्या मुलीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "नाडी लागत नाही." आणि तिला हात न लावता सगळे उशी दाबू लागले. दोन मिनिटं दहा सेकंद. तपासणिसांनी टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही वाजवल्या. "अक्का, उठा की, झालं," असं कुणीतरी म्हणालं.

ती उठली नाही. मग सगळं खरं केलं, डॉक्टरांनी तासभर शर्थ केली. तपासणी काही थांबली नाही. दुपारी मी डोळे पुसून फायली दाखवल्या आणि ड्रिलचा तक्ताही भरला. 'सुधारणेची गरज' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. मानांकन मिळालं. प्रमाणपत्र लिफ्टपाशीच लावलं आहे, कारण तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं.

अंत्यविधीला अक्काची मुलगी सुरेखा अकलूजहून आली होती. मला मिठी मारून तिनं विचारलं, "मावशी, आईला सकाळी काही त्रास होत होता का?" नाही गं, ठणठणीत होती, असं मी सांगितलं. तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत रडली.

मागच्या आठवड्यात पुन्हा ड्रिल झालं. नवी सिस्टर लिफ्टपाशी पडली, पथक आलं, त्याच मुलीनं हात न लावता तेच वाक्य म्हटलं. मला थांबवता आलं असतं. मी स्टॉपवॉच बघत राहिले. ती उशी माझ्या केबिनच्या कपाटात असते, मधोमध खळगा पडलेली. संध्याकाळी दार लावून मी टेबलावर बोट ठेवते आणि ओंदु, एरडु करत दहापर्यंत मोजते. दहा सेकंद पुष्कळ असतात. तेवढ्यात मानेवर दोन बोटं ठेवून होतात, चेहरा बघून होतो.

सुरेखा, तुझ्याकडं ही पुरवणी येते. तुझ्या आईचा जबडा सकाळपासून दुखत होता. तिनं मला सांगितलं होतं.